लाल कुर्ली म्हणजे शिजलेली कुर्ली

आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागेत, दिवाळीनंतर जो वास भरला तो शिमगा आला तरी जाईना. रबराच्या चिकाचा वास. खरं तर चिकाचा पण नाही, त्यात घातलेल्या अमोनियाचा. झाडातून काढलेला चीक तसाच ठेवला तर थोड्या वेळात गोठून त्याचा गोळा होतो म्हणून त्यात अमोनिया घालून ठेवतात, आणि मग कॅनचं झाकण उघडलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. चीक आणला होता दोडामार्गातून, तिकडे रबराच्या बागा आहेत ना, केरळची माणसं येऊन कित्येक वर्षं लागवड करतायत. तर ज्या पाटावर बसून बाबा श्रावणात गणपतीच्या डोळ्यांची रेखणी करतात त्याच पाटावर बसून मी नऊ फुटांच्या कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पाठीवर चिकाचे हात मारत होते, एक हात मारायचा, तो पूर्ण सुकू द्यायचा, मग दुसरा, असे चौदा हात. बाबा नाकाला पंचा लावून दारातून बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे.

सिनेमा माझ्या मावसभावाचा. तो कुडाळला लग्नाचे व्हिडिओ करतो, स्वतःचा कॅमेरा आहे, दोन लाइट आहेत, एक ड्रोन आहे. त्याला हॉरर कॉमेडी करायची होती, पाऊण तासाची, खाडीतली राक्षसी कुर्ली माणसं खाते अशी. सगळं मिळून बजेट २ लाख ८० हजार, त्यातले ६० हजार कुर्लीचे. कंप्युटरवर कुर्ली करून घ्यायचा भाव त्याने विचारला होता, आमचं पूर्ण बजेट त्यात चार शॉटला गेलं असतं, म्हणून तो माझ्याकडे आला. मी गणपती करते, फार तर शिमग्याच्या सोंगांचे मुखवटे केलेत, पण आत माणूस घालून चालेल असं जनावर कधी केलं नव्हतं.

कुर्लीच का, हे त्याने मला पडवीत बसून सांगितलं आणि मी तिथेच हो म्हटलं. तो म्हणाला, वाघ केला तर लोक नुसते घाबरतील, नाग केला तर हात जोडतील, पण कुर्ली बघितल्यावर आपल्याकडचा माणूस पहिलं काय विचारतो? भरलेली आहे की पोकळ. अवसेची कुर्ली भरलेली असते असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, पुनवेला घेतली तर घरी बोलणी खावी लागतात. तर त्याच्या गोष्टीत नऊ फुटांची कुर्ली खाडीतून वर येते आणि तिला बघणारा पहिला माणूस पळून जात नाही, तो घरी जाऊन टोप घेऊन येतो. आणि टोप पुरत नाही म्हणून शेजारणीकडे मोठा टोप मागायला जातो. तोवर कुर्ली त्याच्या भावाला घेऊन गेलेली असते.

हे मला इतकं आवडलं की काय सांगू. कारण यात हसू माणसांचं आहे, कुर्लीचं नाही. कुर्ली तिचं काम करतेय. म्हणून मी त्याला एकच अट घातली, कुर्ली विनोदी दिसणार नाही. तिचे डोळे मोठे-मोठे कार्टूनसारखे नाही करणार, तिला दात नाही लावणार. लोकांनी तिला बघून घाबरलंच पाहिजे, मग टोपाचं हसू आपोआप येईल, नाहीतर दोन्ही जाईल. लहानपणी आम्ही भावंडांनी महेश कोठारेंचा १९९३चा 'झपाटलेला' टीव्हीवर बघितला होता, त्यातला रामदास पाध्यांचा तो हातभर बाहुला, आणि त्यानंतर कित्येक दिवस रात्री एकटं न्हाणीघरात जायची कोणाची छाती झाली नाही, आणि हसलो पण किती होतो. तेव्हा हातभर बाहुल्याला जे जमलं ते माझ्या नऊ फुटांना जमायलाच पाहिजे होतं.

आणि तरी पहिली कुर्ली मी चुकीचीच केली. चिव्याचा, म्हणजे बारीक बांबूचा, सांगाडा बांधला, त्यावर जुन्या गाद्यांचा फोम, वर मच्छरदाणीचं कापड, वर चीक. दोन्ही डेंगे, म्हणजे पुढच्या नांग्या, एकसारखे, सुबक, उजवीकडचा डावीकडे आरशात बघितल्यासारखा, कारण हाताला मूर्तीची सवय. आणि रंग दिला लालभडक, नारिंगीकडे झुकणारा. मला वाटलं काय दिसतेय! मावसभावाने व्हिडिओ काढला, त्यालाही आवडली.

मग आमच्या वाडीतल्या आजी आल्या. आजींनी उभं आयुष्य खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, कुर्ल्या धरण्यात काढलं, लोखंडी आकडा घेऊन बिळात हात घालणारी बाई, उजव्या अंगठ्याचं नख नाहीच, कुर्लीने नेलेलं. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो बाये, ही शिजलेली मगे. शिजलेली कुर्ली कोणाक खातली? हिका आमीच खातलंव."

मी गप्पच झाले. इतकी साधी गोष्ट. आपण कुर्ली लाल म्हणून डोक्यात धरलेली असते कारण आपल्याला ती ताटात भेटते. जिवंत कुर्ली काळपट हिरवी, चिखलाच्या रंगाची, डेंग्यांच्या टोकाला थोडी निळसर-तांबूस झाक. नंतर वाचलं तर कळलं की लाल रंग कवचात आधीपासून असतोच, अस्टाझँथिन म्हणतात त्याला, पण जिवंतपणी तो एका प्रोटीनला जखडलेला असतो म्हणून दिसत नाही, आधण लागलं की ते प्रोटीन मोडतं आणि लाल मोकळा होतो. म्हणजे मी जी केली होती ती खरोखरच टोपातून काढलेली होती.

दुसऱ्या दिवशी आजी मला खाजणात घेऊन गेल्या आणि एक मोठी कुर्ली धरून दिली, ती मी तीन दिवस घमेल्यात ठेवून बघत बसले. हे तीन दिवस मी कधी विसरणार नाही. तिचे डोळे देठावर असतात आणि काडी जवळ नेली की ते देठ बाजूच्या खाचेत आडवे मिटतात, दार लावल्यासारखे. पाण्याबाहेर थोडा वेळ राहिली की तोंडाशी फेस यायला लागतो, बारीक बारीक बुडबुडे, त्याचा ऐकू येईल न येईल असा फिसफिस आवाज. मागचे शेवटचे दोन पाय चपटे, वल्ह्यासारखे, पोहण्यासाठी. आणि दोन डेंगे कधीच एकसारखे नसतात, एक जाड असतो फोडायला आणि एक त्यामानाने बारीक, कापायला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती सतत हलत नाही. ती थांबते. इतकी थांबते की आपल्याला वाटतं मेली, आणि मग एकदम बाजूला सरकते. चौथ्या दिवशी आजींनी तिचं सार केलं, मी पण जेवायला होते.

मग सगळं पुन्हा. लाल खरवडून काढता येत नाही, चीक एकदा धरला की धरला, त्यामुळे वरचं कातडंच फाडलं. या वेळी रंग वरून दिला नाही. चिकावर साधा अॅक्रेलिक दिला की रबर ताणलं गेल्यावर तडे जातात, म्हणून रंग चिकातच कालवून हात मारायचे, आणि त्यात पण एक गोम आहे, ओला चीक दुधासारखा पांढरा असतो त्यामुळे कालवलेला रंग फिका दिसतो आणि सुकला की दोन शेड गडद होतो, माझे पहिले दोन डबे त्यातच वाया गेले. सुकल्यावर लगेच वर पावडर मारायची, आपली अंगाला लावायची तीच, नाहीतर रबर रबराला चिकटतं आणि सोडवताना फाटतं.

डेंगे केले मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांचे, बंदरावर तुटक्या पेट्या पडलेल्या असतात त्या आणल्या. उघडझाप करायला सायकलची ब्रेक वायर, लिव्हर आतल्या माणसाच्या हातात. पाय एकमेकांना नायलॉनच्या तंगुसाने बांधलेले, एक ओढला की दुसरा उचलतो. पहिलं वजन ३८ किलो भरलं होतं, चिवे काढून वेत घातला, फोम आतून कोरला, तेव्हा २२ वर आलं. डोळे म्हणजे जाळ्याला लावतात ते प्लास्टिकचे गोळे, काळे रंगवलेले. त्या डोळ्यांपाशी मी अडले, काहीतरी मेलेलं होतं त्यात. पांढरा ठिपका देऊन बघितला, तर गणपतीसारखा प्रेमळ डोळा झाला. एका रात्री बाबा आत आले, पहिल्यांदाच, खाली बसले, गोळा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "जनावराक रेखणी नको. ओलो ठेव." एवढंच. मग मी ठिपका पुसला आणि वर ट्रान्सपरंट नेलपेंटचे चार हात दिले. लाइट हलला की डोळा हलायचा. बाबा दुसऱ्या दिवसापासून पंचा न लावता येऊन बसायला लागले.

आता आत कोण जाणार. मावसभावाने दोन व्यायामशाळेतली पोरं आणली होती, ताकद होती पण चालली की दोन माणसं चादरीखाली चालतायत असंच दिसायचं. मग आमच्या ओळखीचे एक दशावतारी कलाकार, राक्षसपार्टी करणारे, त्यांना विचारलं. दशावताराचा सीझन चालू होता, रोज रात्री कुठल्या ना कुठल्या जत्रेत प्रयोग, तरी मधल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आले. त्यांनी विचारलं डायलॉग काय. मी म्हटलं काका, डायलॉग नाही. ते म्हणाले, "मगे मी श्वासात बोलतलंय."

त्यांनी जे केलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही पण प्रयत्न करते. ते उजव्या टोकाला, व्यायामशाळेतला एक पोरगा डाव्या टोकाला. कुर्ली आडवी चालते तेव्हा ज्या बाजूला जायचंय तिकडचे पाय ओढतात आणि मागचे ढकलतात, हे त्यांनी घमेल्यातल्या कुर्लीच्या व्हिडिओवरून बरोबर उचललं. आधी पूर्ण थांबायचे, श्वास पण बंद, मग आतून एक लांब श्वास घ्यायचे की पाठ इंचभर वर यायची, आणि मग एकदम चार पावलं आडवी. पोराला त्यांनी ताल शिकवला, मृदंगाचे बोल तोंडाने म्हणून. त्या दुपारी शाळेच्या मातीच्या जमिनीवर ती पहिल्यांदा चालली आणि आमचा कुत्रा शेपूट घालून थेट विहिरीपर्यंत गेला. आतमध्ये भयंकर उकडायचं. आम्ही नियम केला की एका वेळी आठ मिनिटांच्या वर कोणी आत राहायचं नाही, बाहेर आलं की ओला टॉवेल आणि लिंबू-मीठ-साखर, आणि हा नियम शेवटपर्यंत मोडला नाही, दिग्दर्शक कितीही ओरडला तरी.

परवानग्यांबद्दल जास्त लिहीत नाही. ग्रामपंचायत, पोलीस, बंदर खातं, एका ऑफिसात तर एकाच सहीसाठी पाच फेऱ्या झाल्या. खरं जनावर शूटिंगला वापरलं असतं तर प्राणी कल्याण मंडळाकडे पण अर्ज करावा लागला असता, आमची सगळी रबराची म्हणून ते वाचलं.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. आधी रात्रीचे सगळे सीन समुद्राच्या पुळणीवर करायचे ठरले होते. आमच्या वेंगुर्ला पट्ट्यात थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि गावातल्या कासवमित्राला कळलं तसा तो स्वतः घरी आला. त्याने सांगितलं की पिल्लं बाहेर पडली की जिकडे उजेड दिसतो तिकडे धावतात, त्यांच्या हिशोबाने तो उजेड म्हणजे समुद्र, तुमचे लाइट लागले तर ती जमिनीकडे येतील आणि सकाळी कावळे आहेतच. मावसभावाचा चेहरा पडला कारण पुळण म्हणजे त्याचं पोस्टर होतं. पण त्याने वाद घातला नाही. रात्रीचे सगळे सीन खाडीच्या आतल्या काठावर नेले, मांगराजवळ, म्हणजे शेतातल्या खोपीजवळ, आणि मला विचाराल तर सिनेमा तिथेच सुधारला. मुळात कुर्ली खाजणातली, तिचं घर तिवरांत आणि चिखलात. तिवरांना हात लावायचा नाही हे पण पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं, एक फांदी सुद्धा तोडायची नाही, आडवी आली तर कॅमेरा हलवा.

खाडीवर जायचं म्हणजे पाण्याचं गणित आलं. इथे शूटिंगचं शेड्यूल दिग्दर्शक लावत नाही, चंद्र लावतो. आपल्याकडचा जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती, ओहोटी. आम्हाला मध्यरात्री उघडा चिखल हवा होता. अवसेला पाणी मागे खूप लांब जातं खरं, उधाण असतं, पण तेव्हा भरतीच बाराच्या आसपास पडते, म्हणजे ऐन शूटिंगला काठावर पाणी. अष्टमीला भांगाचं पाणी, फार मागे जात नाही पण फार वर पण येत नाही, आणि सुकती बरोबर मध्यरात्री. शिवाय वद्य अष्टमी घेतली की चंद्र पण मध्यरात्रीपर्यंत उगवत नाही, काळोख फुकट. म्हणून वद्य सप्तमी, अष्टमी, नवमी अशा तीन रात्री धरल्या. खाडीत आत पाणी समुद्रापेक्षा अर्धा-एक तास मागे असतं तेवढं धरून चाललो. आजींनी हे सगळं न मोजता सांगितलं असतं, आम्ही वहीत लिहून काढलं.

नवमीच्या रात्री जे झालं ते.

सीन असा की हॉटेलवाला, जो आपल्या हॉटेलात कुर्लीची थाळी विकतो, तो मांगरातून बाहेर येतो आणि समोर ती. जनरेटरने दोन तास खाल्ले. सुकतीला उरकायचा सीन तीन वाजता सुरू झाला आणि पाणी परत फिरलेलं. माझं लक्ष कुर्लीच्या खालच्या कडेवर, कारण फोमला पाणी लागलं की तो पीत जातो. बावीस किलोची कुर्ली बघता बघता कितीची झाली देव जाणे, पाय रुतायला लागले. मी कट म्हणून ओरडणार तेवढ्यात उजवा डेंगा चिखलात खोल गेला, काका मागे सरकले, आणि ब्रेक वायर तुटल्याचा टणकन आवाज आला. डेंगा चिखलातच उभा. चार महिन्यांचं काम. माझ्या पोटात खड्डा पडला, खोटं का बोलू, रडू आलं.

पण कॅमेरा चालू होता आणि काका थांबले नाहीत. आत त्यांना कळलं होतं की एका बाजूचं वजन गेलं. दशावतारात संहिता लिहिलेली नसतेच, प्रयोगाच्या आधी कथा ठरते आणि बाकी रंगमंचावर, तर त्या माणसाला अडेल कशाला. कुर्ली थांबली. पाठ इंचभर वर आली. तुटलेल्या बाजूने फेस आणि पाणी गळत होतं, ते आम्ही लावलेलंच नव्हतं, फोममधलंच. आणि मग ती हळूहळू, आडवी, मागे मागे काळोखात गेली, जशी खरी कुर्ली डेंगा सोडून जाते. खरी कुर्ली सोडतेच, अडकली की स्वतःहून पाय किंवा डेंगा सांध्यातून टाकते आणि जीव वाचवते. आणि समोर हॉटेलवाला झालेला आमच्या गावातला रिक्षावाला, त्याला कोणी काही सांगितलेलं नाही, तो त्या डेंग्याकडे बघत राहिला, इकडे तिकडे बघितलं, मग वाकून त्याने तो तीन फुटांचा डेंगा चिखलातून उपटला, पोराला घेतात तसा छातीशी धरला आणि घराकडे धावत सुटला, "डेंगो गावलो गो! वाटाप काढून ठेव!" वाटाप म्हणजे रश्श्याचं वाटण.

आम्ही वीस माणसं तोंडात रुमाल कोंबून हसत होतो कारण साउंड चालू होता. माझ्या डोळ्यांत आधीचं रडू होतंच.

नंतर चिखलात बसून चहा पिताना मावसभाऊ म्हणाला की १९७५च्या 'जॉज'मध्ये पण त्यांचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून मग तो कमी दाखवून भागवलं आणि लोक जास्त घाबरले. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, पण उपयोग झाला. डेंगा जोडायचा नाही असं ठरलं. सकाळी आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, फुडल्या कातीक नवो येता, पण पयलो ल्हान येता. बस, उत्तरार्ध बदलला. गावाला वाटतं कुर्ली मेली, हॉटेलवाला डेंग्याचा रस्सा विकून पैसे करतो, आणि मग खाडीत एक रिकामं कवच सापडतं, भलंमोठं, पाठीमागून उघडलेलं. कात टाकलेली. म्हणजे ती आता आणखी मोठी. मी दोन रात्रींत एक बारका डेंगा केला, फूटभराचा, फिकट, मऊ दिसणारा. आणि तो बारका डेंगा त्या सिनेमातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट झालीय असं मला वाटतं, कारण तो बघून कळतं की ही गेली नव्हती, ही वाढत होती.

रक्ताचं पण सांगते. माणसांचं रक्त साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि थोडा कोको घालून केलं, आधी कोकमाचं आगळ वापरलं होतं पण ते जांभळं दिसतं आणि डोळ्यांत गेलं की झोंबतं, मिठाचं असतं ना. कुर्लीचं रक्त मात्र लाल नसतं, आपल्या रक्तात लोह तसं तिच्यात तांबं, म्हणून हवा लागली की निळसर. मी हट्टाने निळसर केलं, कपड्यांची नीळ आणि पीठ घालून. मावसभावाला भीती होती की लोकांना ते कळणार नाही. आवाज घरातच केले. पायांचा आवाज म्हणजे चिऱ्यावर करवंट्या आपटलेल्या, चार जणांनी मागेपुढे, आणि हाड मोडल्याचा आवाज म्हणजे आईने पाट्यावर कुर्लीचे खरे डेंगे फोडलेले, माइक पाट्याला टेकवून.

शेवटचा सीन दिवसाचा, पुळणीवर, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा. गावाने मिळून कुर्लीला रापणीत ओढायची. रापणकरांना विचारलं तर ते म्हणाले खोटी रापण आम्ही ओढणार नाही, खरी टाकू, तुमची कुर्ली मध्ये सोडा. मग खरीच रापण टाकली, होडीने वळसा घालून, आणि दोन्ही टोकांना माणसं दोराला लागली, आमची युनिट पण, मी पण. दोर ओला झाला की हाताला कापतो, ते मला माहीत नव्हतं, चार दिवस चमचा धरता येत नव्हता. नवीन थर्माकोल भरलेली हलकी कुर्ली पाण्यात तरंगत होती, आत कोणी नाही, पण लाटेने तिचा बारका डेंगा असा वर-खाली व्हायचा की दोर ओढणारी एक म्हातारी खरंच मागे सरली. जाळं वर आलं तेव्हा कुर्लीच्या पोटाखाली तारल्या आणि थोडे बांगडे फडफडत होते. रीतीप्रमाणे दोराला लागलेल्या प्रत्येकाला वाटा मिळाला. मला पण. माझ्या आयुष्यातला तो पहिला रापणीचा वाटा.

मे महिन्यात देवळासमोरच्या अंगणात पांढरा पडदा बांधून दाखवला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, माणसांकडे बघत होते. टोप आणायला तो माणूस घरी गेला तिथे पहिलं हसू फुटलं. मग मागे चिखलातून पाठ वर आली आणि पूर्ण अंगण गप्प, एक पोरगं आईच्या पदरात शिरलं. निळं रक्त आलं तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बरोबर आसा, तसाच येता." मावसभावाने काळोखात माझा हात दाबला. आणि डेंगा घेऊन रिक्षावाला धावला तेव्हा जे काही झालं, लोक खुर्च्यांवरून उठले, त्याच्या बायकोला लोकांनी विचारलं वाटप काढलंस काय. पुढचे दोन डायलॉग कोणालाच ऐकू गेले नाहीत.

आता पाऊस लागलाय आणि शाळेत माती आलीय, बाबांचे पहिले पाच गणपती उभे आहेत. कुर्ली वर वाशांना टांगलीय, पावसाळ्यात रबर चिकट होतं म्हणून दर पंधरा दिवसांनी शिडी लावून तिला पावडर मारते. काल आजी आल्या, मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

"ल्हान डेंगो अजून तेवढोच?"

मी म्हटलं, आजी, सिनेमा संपला ना.

"तिना कात टाकल्यान मगे. डेंगो वाढूक व्हयो."

आज सकाळी दोडामार्गला फोन केला. पाऊस थांबला की एक कॅन पाठवतो म्हणाले.